संताजीकाका शंभर डिग्रीवर अडले

फिल्म फक्त सात-आठ मिनिटांची बनवायची होती. त्यातही अर्धे तर फोटोच होते. एवढ्याशा कामात घरातला मीटर जळेल, नि सुजयच्या बाबांना चार लोकांसमोर एका पत्र्याच्या डब्यापुढे हात जोडून शब्द द्यावा लागेल, हे कोणी आधी सांगितलं असतं तर सुजयने फिल्म मोबाईलवरच बनवून दिली असती नि झोपला असता.

झालं असं की संताजीकाका मे महिन्यात वारले. मे महिन्यात इंदूरमध्ये कोणी वारलं की लोक कारण विचारत नाहीत. वर आभाळाकडे बघतात नि म्हणतात, "गर्मी भी तो देखो." काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. स्नेहलतागंजमधल्या घराच्या सगळ्यात वर, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ते नि अंबिकाकाकू राहायचे. मूलबाळ नाही. खालच्या मजल्यावर सुजय, त्याची आई नि बाबा.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला, पण कावळा काही शिवायला आला नाही. गुरुजींनी तास-दीड तास वाट बघितली. मग म्हणाले, आजकाल कावळे पण दुपारचे निघत नाहीत, नि दर्भाचा कावळा करून त्याच्याकडून शिववून घेतलं. शास्त्रात चालतं. शोभनाआत्याला मात्र ते चाललं नाही. ती रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, "डुप्लिकेट कावळा. दादाच्या मनात काहीतरी राहिलंय."

दादाच्या मनात काय राहिलंय हे रिक्षातल्या सगळ्यांना माहीत होतं. म्हणून सगळे बाहेर बघायला लागले.

ते असं होतं. घर स्टेशनजवळ, मोक्याच्या जागी. एक बिल्डर दोन वर्षांपासून मागे लागला होता. बाबा तयार, आत्या तयार, अडले होते फक्त काका. आता काका नव्हते. बाबा नि आत्याचं जवळजवळ ठरलंच होतं की तेरावं झालं की अंबिकाकाकूंना 'थोडा चेंज म्हणून' बेटम्याला त्यांच्या बहिणीकडे पोचवायचं, नि मग सह्या करून टाकायच्या. काकूंचा हिस्सा काकूंना मिळणारच आहे, असं बाबा म्हणायचे. काकूंना कोणी काही विचारलं नव्हतं. दुखवट्यातल्या बाईला काय विचारायचं.

सुजयच्या हे घशाखाली उतरत नव्हतं. भंवरकुआंला दोन वर्षं कोचिंग करून तो दोन्ही वर्षं परीक्षेत आपटला होता, तेव्हा खाली घरात त्याच्याशी फक्त "जेवलास का" नि "मग पुढे काय" एवढंच बोललं जायचं. वर काकूंकडे तेवढंही विचारत नव्हते. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, बस. त्या बाईला तिच्याच खोलीतून उचलून बेटम्याला पाठवणार, नि हा बघत राहणार. पण घरात त्याचं ऐकतो कोण. आता तो यूट्यूब बघून बघून व्हिडिओ एडिटिंग शिकला होता, लग्नाच्या फिल्मा करायचा, चार पैसे मिळवायचा. तरी आत्या पाहुण्यांना सांगताना म्हणायची, "तो ना, कॉम्प्युटरवर बसतो." जसं काही दुसरे लोक खुर्चीवर बसतात नि हा थेट कॉम्प्युटरवर.

तेराव्याच्या हॉलवर स्क्रीन लावायची हे बाबांनी ठरवलं. गल्लीत मागच्या महिन्यात एका शेठजींचं उठावना झालं होतं, म्हणजे शोकसभा, तिथे स्क्रीन होती. "आपल्याकडे पण पाहिजे," बाबा म्हणाले. "तू तर बसलेलाच असतोस. बनव एक."

काकूंनी काकांचा मोबाईल काढून दिला.

आता इथे थोडं टेक्निकल सांगावं लागेल, इलाज नाही. कॉम्प्युटरच्या आत प्रोसेसर असतो, बिस्किटाएवढा, सगळं डोकं तोच चालवतो. काम दिलं की तापतो. फिल्म जोडून पक्की करायची, त्याला रेंडर म्हणतात, ते सगळ्यात जड काम, तेव्हा सगळ्यात जास्त तापतो. म्हणून त्याच्या डोक्यावर कूलर चिकटवून बसवतात. पाण्याचा नाही, धातूच्या पात्यांचा, वर पंखा. तो खालची गर्मी ओढतो नि बाहेर फेकतो. नाही ओढली नि पारा शंभर डिग्रीच्या आसपास गेला, तर प्रोसेसर स्वतःचा जीव वाचवायला सगळी मशीन बंद करून टाकतो. धाडकन. स्क्रीन काळी.

सुजयने आपली मशीन जेलरोडवरून एकेक पार्ट आणून स्वतः जोडली होती, नि उन्हाळ्याआधी नवीन मोठा कूलर पण स्वतः बसवला होता. त्याचा त्याला अभिमान होता. तो काही फार दिवस टिकला नाही.

पहिल्यांदा मशीन बंद पडली तेव्हा त्याला वाटलं लाईट गेली. पण पंखा चालू होता. दुसऱ्यांदा पण तिथेच बंद पडली. तिसऱ्यांदा पण. अर्ध्याच्या थोडं पुढे, बरोबर त्याच क्लिपवर. ती क्लिप रंगपंचमीची होती. गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघून आलेले काका गच्चीवर उभे, डोक्यापासून पायापर्यंत हिरवे-गुलाबी, आपल्या खोलीच्या दारावर हात ठेवून हसतायत नि म्हणतायत, "अपन तो यहीं रहेंगे भिया, यहीं से जाएंगे." हात हलत होता म्हणून सुजयने ती क्लिप स्थिर केली होती, अंधुक होती म्हणून साफ केली होती, वर स्लो मोशन लावली होती. सगळ्या फिल्ममध्ये तीच सगळ्यात जड. प्रोसेसर तिथे पोचायचा, शंभरला टेकायचा नि मरायचा. साधी गोष्ट होती. पण ही साधी गोष्ट घरात सांगितली ही सुजयची चूक झाली.

कारण मग सगळे मदतीला आले.

बाबांनी खिडक्या बंद करून टाकल्या, लू येते म्हणून. खोलीची भट्टी झाली. आईने ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ मशीनला टेकून ठेवला. शेजारचे विक्रांतभिया आले. त्यांचा सेव बनवायचा कारखाना आहे, नि टेम्परेचर या विषयावर आपल्या शब्दापुढे कोणी जात नाही असं त्यांना वाटतं.

"कितना हो रहा है?" त्यांनी विचारलं.

"शंभर, भिया."

"सौ?" विक्रांतभिया हसले. "सौ में तो अपनी सेव कच्ची रह जाए. इतने में बंद हो रहा है? लोकल माल होगा."

"भिया, लोकल नाहीये, असं असतंच—"

"गीला टॉवेल डाल इस पे. टरबूज पे डालते हैं ना? वैसे."

टॉवेल घालू दिला नाही म्हणून भियांना वाईट वाटलं. ते जाईनात पण. मग त्यांनीच आयडिया दिली, की वर अंबिकाकाकूंच्या खोलीत पाण्याचा मोठा कूलर आहे तो आणा खाली. बाबा नि भिया दोघांनी मिळून तो जिन्यावरून उतरवला. काकू दारात बाजूला झाल्या. "घेऊन जा," म्हणाल्या. पत्र्याची खोली, बाहेर त्रेचाळीस, नि कूलर चालला पुतण्याच्या डब्यासाठी. सुजयला ओशाळल्यासारखं झालं, पण कूलर एव्हाना दरवाज्यात अडकला होता नि सगळे एकमेकांना 'तिरछा करो' म्हणत होते.

कूलर लावल्यावर खोलीत इतकी ओल झाली की कीबोर्ड घामेजला. वर स्टेबिलायझर, वर मशीन, वर आईचं मिक्सर. संध्याकाळच्या आत मीटर फट्‌ झाला.

बाबा लोड वाढवून घ्यायला बिजली दफ्तरात गेले. तिथला बाबू म्हणाला, मीटर आत्मारामजींच्या नावावर आहे, त्यांना पाठवा. बाबा म्हणाले, ते माझे वडील, ते वारले, पंचवीस वर्षं होऊन गेली. मग डेथ सर्टिफिकेट आणा. बाबांच्या खिशात काकांचं नवं कोरं सर्टिफिकेट होतं, ते त्यांनी आशेने पुढे केलं. बाबूने वाचलं. "ये तो संताजीजी हैं." "हो, मोठे भाऊ." "पर मीटर तो इनका नहीं है." बाबा परत आले ते असा चेहरा घेऊन, जसं काही घरात चुकीचा माणूस वारला. शेवटी विक्रांतभियांनी कारखान्यातून वायर टाकून दिली नि गल्लीभर सांगितलं की टाकून दिली.

ज्या दिवशी वायर आली त्याच दिवशी शोभनाआत्या तेराव्याच्या तयारीला राहायला आली. तिने खुर्ची ओढली नि स्क्रीनसमोर बसली. सुजयने रेंडर लावलं. फिल्म चालली. काकांचे शाळेतले फोटो, लग्न, स्कूटर. मग गच्ची, गुलाल, दारावर हात. काळं.

आत्याने काळ्या स्क्रीनवर बोट ठेवलं.

"रोज इथेच थांबते?"

"इथेच. आत्या, ती क्लिप जड आहे, प्रोसेसरवर लोड—"

"कावळा शिवत नाहीये," आत्या म्हणाली.

"आत्या, टेम्परेचर आहे. हे बघ, आकडा दाखवतो."

"दादालाही शेवटी तापच होता." एवढं बोलून तिने पदर खोचला, मशीनच्या समोर उभी राहिली नि हात जोडले. "दादा, तुझी स्कूटर विकणार नाही. सुजय, लाव."

सुजयने परत लावली. घाटावर माणसं कावळ्यासाठी करतात तसंच सगळं सुरू झालं, फक्त घाट नव्हता, विजेच्या वायरी होत्या. स्कूटरने काम झालं नाही. मग आत्या म्हणाली वर्षश्राद्धाला गराडू ठेवू, तुला आवडायचे. आईने हळूच विचारलं, वर्षश्राद्ध मे महिन्यात येणार, गराडू तर थंडीतला कंद, तेव्हा कुठून आणायचे. काळं. बाबा म्हणाले दादा, मी तंबाखू सोडतो. काळं, नि बाबांनी बाहेर जाऊन थोडी खाल्ली. विक्रांतभियांना पण राहवेना. ते पुढे येऊन म्हणाले, "काकाजी, वो आपकी सीढ़ी मेरे पास है. कल रख दूंगा." काळं. तरी ते शिडी आणायला गेले, कारण एकदा तोंडातून निघालं होतं.

प्रत्येक वेळेला मशीन थंड व्हायला थांबायचं, मग लावायचं, मग सगळ्यांनी बघायचं. जे वचन द्यायला पाहिजे होतं ते सोडून बाकी सगळी वचनं देऊन झाली. ते एक घरात मधोमध पडलेलं होतं नि सगळे त्याला वळसा घालून चहा प्यायला जात होते. काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होत्या. तिथून खालचं सगळं दिसायचं.

सुजयला चीड आली होती. स्वतः जोडलेल्या मशीनसमोर लोक हात जोडतायत नि त्याला कोणी एक प्रश्न विचारत नाहीये, हा अपमान त्याला सहन होईना. सगळे जेवायला बसले तेव्हा त्याने दार लावून मशीन उघडली. धूळ असेल म्हणून पंखा साफ केला. धूळ नव्हती. मग स्क्रू काढून अख्खा कूलरच उचलला नि उलटा करून बघितला.

खाली प्लास्टिक होतं.

पातळ, पारदर्शक, कूलरच्या तळाला चिकटलेलं. एका कोपऱ्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं, बसवायच्या आधी काढा. प्रोसेसर नि कूलर यांच्यामध्ये ते बसलं होतं, नि गर्मी वर जाऊच देत नव्हतं.

सुजयने ते बसवताना बघितलं होतं. चांगलं आठवत होतं त्याला. बघून बरं वाटलं होतं की कंपनीने प्लास्टिक दिलंय. या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक कोणी काढत नाही. फ्रिजच्या हँडलवर आहे, टीव्हीच्या कडेला आहे, रिमोट तर पिशवीतच राहतो, सोफ्यावर बसलं की उन्हाळ्यात पाठ चिकटून टर्रकन आवाज होतो. 'काढा' असं फ्रिजवर पण लिहिलेलं आहे. तो इथेच लहानाचा मोठा झाला, त्याचा हात तिकडे वळणारच नव्हता.

दोन मिनिटांचं काम होतं. प्लास्टिक सोलायचं, गर्मी वर नेणारी पेस्ट नवीन लावायची, कूलर बसवायचा. संपलं. त्याने नखाने कोपरा उचलला पण.

तेवढ्यात बाहेर ताटावरून बाबांचा आवाज आला. "तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीच सोडू वहिनींना. गाडी सांगून ठेवली आहे." नि आत्याचा, "खोली लगेच रिकामी करून टाक मग. नाहीतर माणूस परत येतो."

सुजयने कोपरा सोडला. अंगठ्याने दाबून प्लास्टिक होतं तसं सपाट केलं. कूलर परत बसवला. चार स्क्रू कसले. आपण काय करतोय हे त्याला पूर्ण माहीत होतं, म्हणून त्याने ते भरभर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तेराव्याच्या आदल्या दिवशी, सगळे परत जमले. फिल्म चालली. शाळा, लग्न, स्कूटर, गच्ची. अपन तो यहीं रहेंगे भिया. काळं.

आत्याकडची वचनं संपली होती. तिने बाबांकडे बघितलं. आईने बाबांकडे बघितलं. विक्रांतभियांनी पण बघितलं, नि मग आपण बाहेरचे आहोत हे आठवून भिंतीकडे. बाबांच्या बनियनला घाम फुटला होता. ते उठले, बसले, परत उठले.

"दादा," ते म्हणाले. त्यांनी मशीनपुढे हात जोडले. "घर विकत नाही. वहिनी वरच राहतील. त्या आहेत तोवर कोणी त्यांना हलवणार नाही. मी शब्द देतो." नि ते माणूस रडतो तसे रडले, भावाला जाळून आल्यापासून पहिल्यांदा.

सुजय म्हणाला, "बाबा, थोडी थंड होऊ दे. तुम्ही चहा घ्या, मी लावतो."

दार लावून त्याने प्लास्टिक सोललं. सगळ्यांना बोलावलं. फिल्म चालली, पारा साठ-पासष्टच्या वर चढेना. काका दारावर हात ठेवून बोलले, हसले, नि पुढे गेले. बोटिंगचे फोटो आले. आत्याने तोंडात पदर कोंबला. "हो गया भिया," विक्रांतभिया हळूच म्हणाले नि डोळे पुसले. सुजयने जिन्याकडे बघितलं. काकू पायरीवर उभ्या होत्या, कठड्याला धरून. त्याला वाटलं, हायसं वाटलं बिचारीला.

तेरावं झालं. स्क्रीनवर फिल्म चालली, हॉलमध्ये लोक रडले. बाबा प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगत होते, मी दादाला शब्द दिलाय, वहिनी आमच्याकडेच. बिल्डरलाही तिथेच नाही म्हणून सांगितलं. लोक त्यांचा हात हातात घेत होते. आयुष्यात पहिल्यांदा बाबा कुठल्या तरी गोष्टीत मोठे दिसत होते.

संध्याकाळी सुजय वर गेला. थँक्यू ऐकायला नाही, असं तो स्वतःला सांगत होता.

खोलीत काकू एका बॅगमधून साड्या काढून कपाटात परत ठेवत होत्या.

"ही बॅग कधीची भरलेली?"

"दहाव्याच्या दिवशीच भरली होती." त्यांनी एक घडी नीट केली. "बेटम्याला ताईकडे अंगण आहे. कडुलिंब आहे. सगळे बाहेर खाटा टाकतात. म्हटलं माझा हिस्सा येईल, तिच्या बाजूलाच एक खोली बांधून घेईन."

सुजयला काही समजेना. मग सगळं एकदम समजलं.

"काकू, पण तुम्हाला ही खोली—"

"एकतीस उन्हाळे काढले या पत्र्याखाली. ह्यांना आवडायची. हे म्हणायचे, अपन तो यहीं रहेंगे. अपन म्हणजे कोण, ते मला कधी विचारलं नाही." त्या बोलत होत्या त्यात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "गेले तेव्हा खूप रडले मी. नि रडता रडता मनात आलं, आता सुटले. लाज पण वाटली. पण आलं मनात."

"मग खाली बोलला का नाहीत? तुम्ही तर सगळं बघत होता."

"मला कोण विचारत होतं? सगळे त्यांनाच विचारत होते. माणूस मरून तेरा दिवस झाले तरी त्यांनाच. मला विचारायला मी मरायला पाहिजे होते."

सुजय दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेला नि त्याने सगळं सांगून टाकलं. प्लास्टिक, अंगठा, चार स्क्रू, शंभर डिग्री. बाबा, तुमचा शब्द लागू नाही, ते काका नव्हतेच, मी होतो. खिशातून प्लास्टिकचा तुकडा काढून टेबलावर ठेवला.

बाबांनी तो उचलून उजेडात धरला. "काढून टाकलंस? मग आता वॉरंटी?"

"बाबा, काकूंना जायचंय बेटम्याला."

"दुःखात आहेत. दुःखात माणूस काहीही बोलतो. आता त्या गेल्या तर लोक काय म्हणतील? हाकललं म्हणतील."

"पण मी मुद्दाम केलं. ऐका ना."

आत्याने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्याशी प्रेमाने बोलली. "बाळा, ते प्लास्टिक तू बसवलंस तेव्हा तुझ्या हातून काढलं का गेलं नाही? विचार कर. दादानेच राहू दिलं ते. एरवी तू किती हुशार आहेस."

बाबांनी प्लास्टिक घडी करून देव्हाऱ्यात ठेवलं.

सुजय परत वर आला तेव्हा काकू खोलीबाहेर जिन्याच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. रिकामी बॅग कपाटावर गेली होती.

"सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाले?"

"शब्द दिलाय म्हणतात."

काकूंनी मान हलवली नि त्याच्यासाठी सरकून जागा केली. "बस इथे. आत नको जाऊ, आत अजून तापलेलंच आहे."

तो बसला. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी पाणी शिंपडत होतं, त्याचा वास आला.

"किती वेळ लागतो, काकू? पत्रे थंड व्हायला?"

"मेमध्ये?" काकूंनी दाराकडे बघितलं. "होतच नाहीत."